आधी तराजू

परवान्याचा कागद हाती पडला तशी
शर्वाणीनं यादी काढली:
काडतुसं भरायचं यंत्र,
एका दांड्याचं की फिरत्या चकतीचं?
फिरतं म्हणे तासाला तीनशे भरतं.

शितोळेकाका चष्मा पुसत राहिले.
"तीनशे? कुणासाठी?"

दुपारी लष्करच्या सराफ्यात.
"क्या तौलेंगी, सोना?" दुकानदारानं विचारलं.
काका म्हणाले, "बारूद."
तो हसला. त्याला थट्टा वाटली.

पितळी पारड्यावर काकांनी फुंकर घातली.
काटा थरथरत राहिला,
बराच वेळ.
ती मोबाइलकडे वळणार
इतक्यात त्यांनी डावा हात मध्ये धरला,
अंगठ्याशेजारचं बोट नसलेला.
आजवर सांगत आले होते,
मुरारच्या पिठाच्या गिरणीत गेलं.

"रेडिओवर हॉकीचा सामना होता," म्हणाले.
"एकाच काडतुसात दोनदा पडली.
गोल झाला तेव्हा."

काटा थांबला होता.
दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

"परत," काका म्हणाले,
आणि पुन्हा फुंकर घातली.

यंत्र घेतलं ते एका दांड्याचं.
घरी तिनं टेबल मांडलं, दिवा, डबी, तराजू.
काकांनी खिडकीतला स्पीकर उचलला,
वायर गुंडाळत गुंडाळत
बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला.