हातचे तीन

पहिला अर्धा खेळ खुर्चीत बसून.
पाच पोरं आमची, पाच पाव्लोदारची,
बूट आधीच कसून बांधलेले,
आणि ते बूट टेबलाखाली
खुंट्याला बांधलेल्या घोड्यांसारखे टापा आपटतात.
खेळतात फक्त अंगठे.

बाहेर कारागांडा. उणे सव्वीस.
माळावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला
कोळशाच्या राखेचे ढीग तेवढे.

विजेचा फलक नव्या वर्षापासून बंद,
म्हणून आकड्यांचे पत्रे खिळ्यांवर मी टांगते.
व्यवस्थापक दोनदा समजावून गेला,
म्हातारीला उमगणार नाही म्हणून, सावकाश:
पडद्यावरचे गोल पुसायचे नाहीत, राउशान आपा.
तेच मैदानावर न्यायचे, तिथून पुढे मोजायचं.
म्हणजे हातचा, मी म्हटलं,
बेरजेत घेतात तो.
तो आधीच फोनवर बोलत होता.

सव्वीस वर्षं मी खाणीच्या दिवाघरात होते.
माणूस खाली निघाला की दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा.
वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला द्यायचा.
पाळी संपल्यावर खिळ्यावर बिल्ला उरला
तर कुणाला काही विचारायचं नसे.
मोजणं मला कोणी शिकवू नये.

आज तीन चढले आमच्यावर.
तिघांनाही तोच जबाबदार, पाव्लोदारचा झान्सेरिक,
सतरा वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा,
मान पोपटासारखी कलती,
अंगठे असे की पापणी लवेपर्यंत चेंडू जाळ्यात.
आमच्या एर्कानातच्या हातात तेच यंत्र
ओल्या साबणाच्या वडीसारखं.
एके काळी शहराच्या संघात होता तो,
डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला.
पडद्यावरचा त्याचा बचावपटू भलतीकडे धावतो
आणि हा त्याच्यावर ओरडतो,
मागे ये रे, मागे,
जणू त्याला कान आहेत.

शिट्टी. खुर्च्या मागे सरकतात.
मी तीनचा पत्रा काढते.
पडद्यापासून मैदान चाळीस पावलं,
पत्रा तो केवढा,
तरी वाटेत एकदा हात बदलावा लागला.

आता हातांनी केलेलं पायांनी फेडायचं.
प्लास्टिकचं गवत, तरी गवतच ते,
आणि चेंडूला बटण नाही.
एर्कानात लंगडत धावतो, पण कुठे धावायचं
हे त्याच्या हाडांना पाठ आहे.
पहिला त्याचा.
दुसरा वित्या शेफरच्या खांद्याला लागून,
त्याचं त्यालाही कळलं नाही.
झान्सेरिक मधोमध उभा,
दिवा विझलेल्या बोगद्यात चाचपडावं तसे हात पुढे,
चेंडू शेजारून जातो आणि तो
गेल्यावर त्या दिशेला वळतो.
शेवटच्या मिनिटाला आमचा तिसरा
खांबाला लागून परत आला.
तो आवाज! अख्खा हॉल ताटासारखा वाजला.

तीन-दोन. हरलो.
एर्कानात गुडघा धरून बसला, मग हसायला लागला,
कशाला ते त्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मी पत्रे उतरवले.
खुर्च्या रचायला गेले
तर चौथ्या खुर्चीवर चष्मा,
घडी न घातलेला, भिंगांवर घामाचा पुसट डाग.
तेव्हा कळलं, तो पोरगा
अर्धा खेळ कसा खेळला.

मी चष्मा तीनच्या खिळ्यावर टांगला.
कोट अंगात, टोपी डोक्यात, किल्ली हातात,
पण दिवे घालवले नाहीत.
खिळ्यावर काही असताना दिवे घालवायचे नसतात.
एकदा मी पहाटेपर्यंत बसले होते.
ते जाऊ दे.

पाऊण तासाने दार वाजलं.
डोळे बारीक केलेला, भुवयांवर बर्फ,
बस थांबवून पळत आलेला.
बोट भिंतीवरून फिरवत तो माझ्यापर्यंत आला.
तुम्ही अजून इथेच, आपा?

मी चष्मा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
खिळा मोकळा.
मग एकेक दिवा घालवत गेले,
दाराकडचा सगळ्यात शेवटी.