एक कट्टा उजेड

पुण्याहून फॉर्म आलाय. तीन चौकटी :
शैली. विषय. प्रभाव.
चिन्नय्या दुडम म्हणतो, तूच भर,
तुझं मराठी शाळेतलं आहे,
माझं अर्धं तेलुगू, अर्धं मागावरचं.

दाजी पेठेत त्याचं फ्रेमिंगचं दुकान.
पुढे देवांच्या तसबिरी, दहावी पास झालेली पोरं,
मागे मोरीत लाल बल्ब,
आणि मे महिन्यात डेव्हलपर गार राहावा म्हणून
माठाखालची ओली वाळू.

विचारलं, शैली काय लिहू?
तो काच पुसत राहिला.

कॅमेरा म्हणजे चादरींचा खोका,
आतून काजळी फासलेला, पुढे सुईच्या टोकाएवढं भोक.
भोकावरची चिकटपट्टी काढायची आणि थांबायचं.
किती, ते घड्याळात नाही.
राजव्वा आत्या सूप मांडीवर घेऊन बसते :
पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते.
सकाळी दहाला गच्चीवर, एक विडी.
खोलीत, दार उघडं असलं तर, पंचवीस,
म्हणजे अख्खा कट्टा.
आभाळ आलं तर वर पाच-सहा,
पण आभाळ आमच्याकडे सहसा येत नाही.

मी लिहिलं, 'प्रदीर्घ प्रकाशनकाल'.
वाचून दाखवलं.
हे कुठल्या गावचं, म्हणाला.
खोडलं.

विषय.
तुझ्या फोटोत माणसं का नसतात, लोक विचारतात.
असतात की. हलतात म्हणून येत नाहीत.
चालू मागाचा फोटो बघा : धोटा नाही, विणकर नाही,
नुसता थरथरता धूर,
आणि खिळ्याला टांगलेला शर्ट, डबा,
भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेली तूस. ती मात्र केसाकेसाने स्पष्ट.
गड्ड्याच्या यात्रेत एकदा खोका मांडला.
सगळं सोलापूर समोरून गेलं.
कागदावर धुकं
आणि त्यात एक फुगेवाला, गिऱ्हाईक न आलेला,
अगदी चप्पलच्या अंगठ्यापर्यंत नीट.

प्रभावाला दोनच ओळींची जागा.
म्हटलं, मोठ्या मोठ्या लोकांची नावं लिहितात इथे.
मग तो बसला. बिनदुधाचा चहा मागवला.

बाप जकार्डचे पत्ते पाडायचा.
चादरीवर मोर यायचा असेल तर आधी पुठ्ठ्यात भोकं यायची.
ग्रहणाच्या दिवशी घराबाहेर जायची बंदी होती.
पोरानं एक पत्ता कौलांच्या झरोक्याखाली धरला
आणि जमिनीवर
भोकाभोकातून एकेक कोर उतरली.
शंभरेक चंद्रकोरींचा मोर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर.
चंद्र नव्हता तो, सूर्य होता, खाल्लेला.
बापानं पत्ता हिसकला, कारण उद्या ऑर्डर होती.

आणि दस्तगीर मास्तर, स्टुडिओतले.
चाळीस वर्षं पेन्सिलीनं नवऱ्यांचे देवीचे व्रण बुजवले,
नवरींचेही.
स्वतःच्या बायकोच्या निगेटिव्हला पेन्सिल लावली नाही.
का ते त्यानं विचारलं नाही, मास्तरांनी सांगितलं नाही.
लिही हे, म्हणाला.
दोन ओळींत बसेना.

निवडलेल्या फोटोंत शेवटचा राजव्वाचा.
दारात बसलेली, कपाळावरचं कुंकू थोडं पसरलेलं,
मान एकदा वळली असणार.
सूप स्पष्ट. कात्री स्पष्ट.
मनगटाच्या पुढे काही नाही.

तिनं फोटो उजेडात धरला, उलटा करून मागचंही पाहिलं.
'हात कुठं ठेवलास रे?'
तो गप्प.
'पंचवीस वळल्या मी तेवढ्यात. एक तरी दाखव.'
मग हसली, पण फोटो परत देईना.
कारखान्यात माल नाकारतात तसा नाकारेल, असं त्याला वाटत होतं.
तिनं तो सुपाखाली सरकवला
आणि नवं पान ओलं केलं.

फॉर्मवर घड्याळाला चौकट नाही.
पट्टी घेऊन मी चौथी आखली,
शाई थोडी फुटली,
तिच्यात नाव लिहिलं.
आडनाव काय लावू, विचारायला वळलो
तर खोका तिच्यासमोर मांडलेला होता
आणि त्यानं बोट ओठांवर ठेवलं :
आठवी चाललीय.