टक्का, सी, शून्य

सोरूच्या धक्क्यावर, बंदरमास्तरच्या खोलीत
मी मोडेम बसवला त्या हिवाळ्यात
समुद्र काठापासून दूरवर गोठलेला.
पांढरट डबी, पुढे आठ दिवे,
त्यातले पाच कशाचे ते मलाही माहीत नव्हतं.
वाल्दुरने विचारलं, हा धावतो किती?
म्हटलं, तार आहे तेवढीच,
पण हा बोलणं घड्या घालून पाठवतो.

हवेच्या नोंदी त्याला भलत्याच मानवल्या.
वारा वायव्य, बर्फ स्थिर.
वारा वायव्य, बर्फ स्थिर.
दर तीन तासांनी, दिवसामागून दिवस.
इथल्या मोडेमने त्या अख्ख्या ओळीला एक आकडा दिला
आणि ताल्लिनमधल्या मोडेमने, कुणी न सांगता,
त्याच क्षणी तोच आकडा.
दोन टोकांना एकच कोश, सोबत वाढत जाणारा.
अकरा मिनिटांचं काम चारांवर आलं.
वाल्दुर म्हणाला, माझं आणि हिल्येचं असंच होतं,
शेवटी शेवटी ती नुसतं हं म्हणायची
आणि मी सरपण आणायला उठायचो.

एकदा त्याने फुटलेल्या सुकाणूचा फोटो पाठवला.
तो मुळातच आवळलेला.
पिळून वाळत घातलेलं फडकं
पुन्हा पिळून काय निघणार?
मोडेम आपला पिळत बसला, उगीच,
आणि आम्ही दोघं कॉफी पीत पट्टी सरकताना पाहिली.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला: लाइन बघून जा.
मी खांबापासून खोलीपर्यंत सगळं तपासलं.
लाइन ठणठणीत.
मग तो म्हणाला, रात्री नऊला ये.

नऊला तार्तूच्या इस्पितळातून एल्मार यायचा पडद्यावर,
धाकटा भाऊ. झटक्यात वाचा गेलेली, उजवा हात गेलेला,
डाव्या हाताचं एक बोट शिल्लक.
पडदा रिकामा. रिकामा.
मग चार अक्षरं एकदम, ढकलल्यासारखी.
पुन्हा रिकामा.
एकट्या अक्षरासाठी मोडेम होडी सोडत नाही,
अजून कुणी येतंय का, धक्क्यावर वाट बघतो.
मी समजावलं, उशीर जरासाच आहे, अर्ध्या सेकंदाचाही नाही.
वाल्दुर म्हणाला,
तो अडखळतो कुठे, ते मला दिसत नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आज्ञा होती.
ए, टी, टक्का, सी, शून्य.
दाबणं बंद.
तारेचा स्वतःचा थोडा उशीर राहिलाच,
तो कुणाच्या बापाला काढता येत नाही.

क.
थांबलं.
पुसलं गेलं.
क.
ल.
ल पुसला.
वाल्दुर खुर्चीत पुढे सरकला,
ओठ हलत होते, पण त्याने सुचवलं काही नाही.
का.
मग इतका वेळ की मी दिव्यांकडे पाहिलं, कॉल तुटला की काय.
त्री.
कात्री, म्हणजे त्यांची होडी,
सीमेवरच्या शिपायांनी कुऱ्हाडीने फोडलेली,
एल्मार तेव्हा नऊ वर्षांचा होता.
वाल्दुरने उत्तर लिहायला घेतलं,
त्याचंही बोट दोनदा चुकलं
आणि चुकलेलं तसंच गेलं पलीकडे, लगोलग.

निघताना मी सांगितलं, सकाळी नोंदींसाठी
परत चालू करत जा, सोपं आहे.
तो म्हणाला, आणि रात्री बंद करायचं विसरलो तर?

मार्चमध्ये ताल्लिनहून कार्यालयात तक्रार आली,
सोरूची लाइन मंदावली आहे, चारांची अकरा मिनिटं झाली,
कारण कळवा.
मी फॉर्म घेऊन गेलो.
वाल्दुरने खिडकीतून बाहेर पाहिलं,
खाडीतलं पाणी केव्हाच मोकळं झालेलं,
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: बर्फ.
खाली मी सही केली.