कटती

बाहेर बेचाळीस अंश, आत हुडहुडी.
पांढऱ्या फरशीवर पांढरी गाडी,
आणि गळ्याला टाय आवळलेला चेतन फिरके, मूळ सावद्याचा,
माझ्या मागं दाराकडे बघतोय.
"सर पार्किंगमध्ये आहेत का मॅडम?"

सर नाहीत.
मी आहे, प्रमिला बडगुजर, धरणगाव,
जिनिंगच्या वजनकाट्यावर एकोणीस वर्षं.
बस. पाणी सांग. कोटेशन काढ.

आधी त्यानं रंग दाखवले.
मग दार लावून दाखवलं, "आवाज ऐका, कसा भरीव येतो."
मग हळूच, घरातलं सांगावं तसं,
"आखाजीला डिलिव्हरी हवी तर आजच बुक करा,
परवा स्कीम संपते."
परवा भाव पडणार भाऊ, आजच टाकून द्या,
हे मी हंगामात रोज सकाळी ऐकते.
कधीकधी म्हणतेही.

कागद आला.
गाडी सात बेचाळीस.
आरटीओ चौऱ्याऐंशी हजार नऊशे, त्याला इलाज नाही.
विमा एक्केचाळीस सहाशे.
किट एकवीस हजार नऊशे नव्वद,
त्यात सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, आणि एक अत्तराची बाटली.
फास्टॅग सहाशे.
मधेच, दोन मोठ्या आकड्यांच्या बगलेत दडून,
हॅण्डलिंग चार्जेस साडेआठ हजार.

"हे कशाचे?"
"यार्डातून गाडी इथं आणतो ना मॅडम."
"मग यार्डातच विक. मी रिक्षानं येते."
हसला. खरं हसला, तेव्हा
पुढचा एक दात जरा वाकडा दिसला, शाळकरी.
पण लगेच मान खाली घालून म्हणाला,
"सगळीकडं हेच आहे मॅडम."

माझं बोट त्या रकान्यावर होतं, तिथंच राहिलं.

ओलावा. काडीकचरा. हमाली. तोलाई.
आणि सगळ्यांच्या खाली, बारीक अक्षरात, इतर.
ते 'इतर' मी लिहिते. निळ्या पेनानं.
ट्रॅक्टरवरून उतरून माणूस खिडकीशी येतो,
पावती उजेडाला धरतो,
"ताई, हाई कटती कसानी शे?"
आणि मी वर न बघता सांगते,
सगळीकडं हेच आहे भाऊ,
पुढे घ्या गाडी.

एसी फारच होता तिथं. मी पदर ओढून घेतला.

मग पर्समधून दुसरा कागद काढला.
विमा, बाहेरचा, एकोणतीस तीनशे.
धुळ्याच्या शोरूमचं कोटेशन, घडी घातलेलं,
त्याची घडी मी उघडली नाही, नुसतं टेबलावर ठेवलं.
चेतन काचेच्या केबिनमध्ये गेला.
परत आला, पुन्हा गेला.
आतला मॅनेजर फोनवर बोलत माझ्याकडे बघून
मान हलवत होता, नाही नाही नाही.
मी उठले, पर्स खांद्याला लावली,
दारापर्यंत पंधरा पावलं.
अकराव्या पावलाला, "मॅडम!"

हॅण्डलिंग गेलं. किट गेलं.
वरून बारा हजार सुटले.
आठ चव्वेचाळीस आठशे.
सही करताना तो पुटपुटला,
"किटमध्येच आमचं काय ते असतं."
मला म्हणाला नाही. टेबलाला म्हणाला.
मी मॅट घेतले, अठराशेचे.
बाजारात अकराशेला मिळतात, मला माहीत आहे.

आखाजीच्या सकाळी नारळ फुटला, फोटो झाला.
माहेराला, पारोळ्याला, जायचं होतं,
यंदा भाऊ न्यायला येणार नव्हता, मीच जाणार होते.
काच खाली करायला लावून चेतन वाकला,
"कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा हं."
"नऊ सांगीन."
"का मॅडम?"
"कटती."

तो दात पुन्हा दिसला.

काटा आता दिवाळीपर्यंत बंद.
गाडीच्या कप्प्यात निळं पेन सापडलं, कसं आलं कोण जाणे.
एरंडोलच्या पुढे उतारावर ते
आत इकडून तिकडे गडगडत राहिलं,
खड्डा आला की
जास्तच.