बुटकं शिसं

चौकाच्या पाटीसाठी नाव नीट लिहून द्या म्हणता?
बसा. चष्मा शोधतो.
मन्मथप्पा हलगे. प-ला प जोडलेला.
तुम्ही त्यांना सरळ वाचलं असेल,
मी शिशात वाचलं, उजवीकडून डावीकडे,
आमच्या अब्बांच्या उर्दूसारखं.

औशाच्या किल्ल्याजवळ, तेलघाण्यामागं छापखाना.
दर बुधवारी 'दवंडी', चार पानं, दोन पैसे हाली.
माझा पगार कधी रुपयांत, कधी शेंगांत.
अप्पा उभ्यानं अग्रलेख सांगायचे,
"लाव, खुंदमीर," आणि मी लावायचो.
'स्वराज्य' इतक्यांदा यायचं
की तिसऱ्या कॉलमात 'ज्य' संपायचा.
"मग 'जुलूम' घे. त्याचे खिळे आहेत ना?"

एकदा अमीनसाहेबांनी अख्खा लेख खोडला.
अप्पा म्हणाले, कोराच छाप.
कोऱ्या जागेलाही शिसं लागतं, साहेब,
बुटकं, शाईपर्यंत न पोचणारं.
त्या आठवड्याच्या बाजारात
गुंडेराव मास्तर 'दवंडी' वाचून दाखवत होते.
कोऱ्या कॉलमाशी आले. थांबले.
नजर ओळीओळीनं खाली नेत राहिले,
आणि कांदेवाल्या, कासार, गिऱ्हाइकं
तराजू तसेच धरून ऐकत उभी.
तळाशी पोचल्यावर मास्तरांनी पान उलटलं.

मग गुलबर्ग्याचा तुरुंग. अठरा महिने.

अठ्ठेचाळीस साली एका रात्री आले,
हद्दीपलीकडच्या कॅम्पातून, दाढी वाढलेली.
"खिळे दे. भरमारीला गोळ्या पाडायच्यात."
कुणासाठी, मी विचारलं नाही.
माझं नाव खुंदमीर, आणि ते दिवस कसले होते
तुम्ही ऐकलंच असेल.
तेही बोलले नाहीत. चुलीला फुंकर घालत बसले.
कढईत आधी काने गेले, मग वेलांट्या,
'ज्य' सगळ्यात शेवटी;
थोडेच तर होते.

पुढं निवडून आले. दोनदा. तिसऱ्यांदा पडले.
'दवंडी' काही परत निघाली नाही.
मोटारीतून यायचे, चहा अर्धा ठेवायचे.
एकदा विचारलं,
"त्या रात्री एखादा खिळा मागं ठेवलास का रे?"
नाही म्हणालो.

हे बघा, चंचीत आहे. चुन्याच्या डबीखाली.
उलटंपालटं करू नका, अक्षर नाही त्याच्यावर.
पाटी रंगवाल तेव्हा नावाखाली
एवढी जागा सोडा.