हातभर आखूड

डिसेंबरात इथे उजाडतं पावणेनऊला,
तेही मनात नसल्यासारखं.
समुद्राकडून आलेला पाऊस पडत नाही,
नुसता अंगाला येऊन चिकटतो.
मोरे फर्थच्या काठावर आमचं नऊ होलांचं मैदान.
दाराशी पत्र्याची पेटी, ज्याचे त्याने पैसे टाकायचे.
आज माझं नाणं एका नाण्यावर वाजलं.

उन्हाळ्यात हे ग्रीन मी डोळे मिटून खेळते.
चेंडू नुसता सोडून द्यायचा, की तो जातो
भिंतीवरून मांजर उतरावं तसा.
हिवाळ्यात ते सगळं विसरायचं.
गवत जरा वाढू दिलेलं असतं,
प्रत्येक पात्याच्या टोकाला थेंब,
चेंडू पहिल्याच वितीत भिजून जड होतो.
उतार म्हणतो इकडे ये,
पाणी म्हणतं बस इथेच.
म्हणून वळण कमी धरायचं, सरळ बघायचं,
आणि मारायचं
खळग्याच्या पलीकडे कोणाचे तरी बूट आहेत असं समजून.
हे मला कळतं. हातांना कळत नाही.
हात जुलैतच राहिलेत.

पण दवाचा एक उपकार आहे.
उन्हाळ्यात चेंडू गेला की गेला, मागे काही सांगत नाही.
आता तो रेघ सोडतो,
राखी ग्रीनवर हिरवी, बोटभर रुंद.

दुसऱ्या ग्रीनवर दिसली.
शेजारी बुटांचे ठसे, डावा जरा बाहेर फेकलेला.
तो डावा पाय मी चौसष्ट वर्षं ओळखते.
निनियन. माझा भाऊ.
मला टाळायला अंधारातच निघतो,
कपाळाला दिवा बांधून,
पूर्वी खेकड्यांचे पिंजरे उचलायला जायचा तसा.

चार वर्षं झाली.
बंदरावरचं घर त्याने विकलं, त्याचं काही नाही,
घरं विकली जातात.
पण कोळशाच्या खोपटासकट विकलं,
आणि खोपटात बाबांचा पितळी पटर होता,
मुठीला जाळ्याची दोरी गुंडाळलेला.
नव्या लोकांनी तो भिंतीवर टांगलाय.
ते येतात फक्त ऑगस्टात,
बाकी वर्षभर खिडकीतून मी बघते,
घासूनपुसून चकचकीत केलेला,
अनोळखी.

वाकून रेघ वाचली.
नीट निघालेली, मग कंटाळलेली,
खळग्याला हातभर आखूड.
पुढे एक छोटी रेघ. तीही आखूड.
तिसऱ्या ग्रीनवर तेच, चौथ्यावरही.
पाचव्यावर, टेकडीच्या सावलीत, चांगली तीन हात,
आणि तिथे ठसे खोल,
उभा राहिला असेल बराच वेळ.
मी मात्र फुकट शिकत गेले:
त्याची रेघ संपते तिथून उरलेलं जेवढं, तेवढा जोर जास्त.
पाचवा एका पटमध्ये.
खळग्यात साठलेल्या पाण्यात डुबुक झालं
आणि मी मागे वळून बघितलं,
कोणाला सांगू म्हणून.

बाबा खळग्यामागे बूट रोवून उभे राहायचे.
माझ्या बुटाला लागू दे, म्हणायचे, मग बघू.
मी मारायची. निनियन कचरायचा,
बाबांना लागेल म्हणून.
रबरी बूट ते, गुडघ्यापर्यंतचे,
त्यांना काय लागणार होतं.

नवव्यावर पिवळा रेनकोट, पाठमोरा.
टॉवेलने मूठ पुसत होता,
मूठ पुसतो, चेंडू पुसायचं विसरतो.
एवढ्या वर्षांनी काय बोलायचं
हे मी पुष्कळदा ठरवलं होतं,
त्यातलं एकही वाक्य जिभेवर येईना.
मग चालत गेले, त्याच्या रेघेच्या बाजूबाजूने,
आणि खळग्यामागे उभी राहिले,
बूट रोवून.

त्याने वर पाहिलं. टोपी मागे केली.
चेंडू उचलला, पुसला, परत ठेवला.
पाणी उडवत आला तो,
खळग्याच्या काठाला चाटून, न पडता,
थेट माझ्या डाव्या बुटावर.

बुटात पाणी केव्हाच शिरलं होतं.