नसेल तर

सेलूत, खताच्या दुकानावरच्या खोलीत
मुजीब सरांनी पहिल्या दिवशी रंग शिकवलेच नाहीत.
म्हणाले, आधी सांगा यात मथळा कोणता,
मजकूर कोणता, यादी कोणती.
जे जसं आहे त्याला तसं म्हणा.
सजवायचं ते नंतर, वेगळ्या फाइलीत.

मला हसू आलं.
अकरा वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या मी.
तिथं आधी गणपती, मग वेलबुट्टी,
नवरीचं नाव उरलेल्या जागेत.

उघडलेला टॅग बंद करायचा,
एवढं अंगवळणी पडायला महिना गेला.
दाराची कडी, गॅसचं बटन, डब्याचं झाकण
तीनदा बघून झोपणारी मी,
पण तिरप्या अक्षरांचा टॅग उघडाच राही
आणि खालचं अख्खं पान
भरल्या घागरीसारखं एका बाजूला कलायचं.

सराव म्हणून नळाचं पान केलं.
आमच्याकडं पाणी नवव्या दिवशी,
कोणत्या गल्लीला कधी, ते एकट्या दगडूला ठाऊक,
व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडं, वहीही त्याच्याकडं.
त्या वहीचा फोटो काढला, निळी चौकट दिली,
कोपऱ्यात एक थेंब.
झकास दिसत होतं.

केरबाकाकांना दाखवलं. म्हणजे ऐकवलं.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेला माणूस,
डोळे जन्मापासून नाहीत,
अख्ख्या तालुक्याचे नंबर बोटांत.
त्यांनी पानावरून बोट फिरवलं.
फोनातली बाई म्हणाली, चित्र.
पुन्हा बोट. चित्र.
"पोरी, एवढंच लिवलीस का गं?
पानी कवा येतंय ते कुटंय?"

त्या रात्री फोटो काढून टाकला.
दगडूचं अक्षर लावत लावत
एकेक ओळ टेबलात मांडली,
रकान्याला त्याचं नाव, ओळीला तिचं.
दुसऱ्या दिवशी काका मथळ्यावरून मथळ्यावर गेले,
जुन्या बोर्डावर प्लग जायचा
या भोकातून त्या भोकात, तसे.
"आता लागली लाइन," म्हणाले.

मग सर म्हणाले, लिहून ठेवलेलं पान शिळं होतं.
विचारणारा आला की त्याच्यापुरतं ताजं करा.
त्यासाठी मागची खोली असते, सर्व्हर.
आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही,
दारातून फक्त उत्तर येतं.
मी लिहिलं: वॉर्ड घे, तारीख बघ,
नऊनं भाग, बाकी सांग.
एक अर्धविराम सुटला आणि पान पांढरं.
दोन रात्री पांढरं.
नवरा म्हणाला, काय बघायलीस त्या कोऱ्या भिंतीकडं?

लागलं एकदाचं.
लोक विचारू लागले, उत्तर जाऊ लागलं,
परवा, पहाटे चार. आज, आत्ता, बादल्या लावा.

एका सकाळी काकांच्या दारात दूध घालायला सुंदराबाई.
पटरीपलीकडची.
काकांनी तिच्यासाठी विचारलं.
फोनातली बाई त्याच गोड आवाजात:
चूक. वॉर्ड सापडला नाही.
सुंदराबाई माप धुता धुता हसली,
"आमची चूक व्हय?"

पटरीपलीकडं नळच नाही.
'असेल तर'च्या मी अठरा ओळी लिहिल्या होत्या.
'नसेल तर'ची एक,
तीही सरांच्या नमुन्यातून उचललेली.

तीन दिवस त्या ओळीपाशी बसले.
'दिलगीर आहोत' लिहिलं, पुसलं. कोण दिलगीर?
'लवकरच' लिहिलं. ते तर पत्रिकेतल्या
'आग्रहाचे निमंत्रण'सारखं, कुणालाही चालणारं. पुसलं.
मग जे जसं आहे त्याला तसं म्हटलं:
तुमच्या वस्तीत अजून नळ नाही. चूक तुमची नाही.
खाली टँकरचा नंबर.
आणि मागच्या खोलीत, कुणाला न दिसेल अशी,
एक वही उघडली:
किती जणांना हे उत्तर गेलं.

काका रोज आकडा विचारतात.
काल दोनशे चौदा होता.
ते म्हणाले, हे नगरपालिकेत वाचून दाखव, मी येतो संगं.
सुंदराबाई म्हणाली,
त्यातले सात मीच हाय, सांगून ठेवते.